बॅटरीचा दिवा आणि अंबाडीचा रस्ता

"भिवंडीला? आणि तेही फिरायला?" परत आल्यावर सिन्नरमध्ये जो भेटेल त्याने हेच विचारलं. आमच्या शेजारीणबाईंनी तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कुणाचं काही बरं-वाईट तर नाही ना झालं तिकडे?" भिवंडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ट्रक, धूळ आणि कापडाचे तागे येतात. जाण्याआधी माझ्याही डोळ्यांपुढे तेच येत होतं. म्हणून ज्यांनी विचारलं आणि ज्यांनी नुसत्याच भुवया उंचावल्या, त्या सगळ्यांसाठी हे लिहायला घेतलं.

निमित्त लग्नाचं होतं. माझे यजमान वसंतराव टेलिफोन खात्यात होते. लग्नाआधी त्यांची पहिली नेमणूक भिवंडीला झाली, आणि शहराला लागून असलेल्या पूर्णा गावात म्हात्रे यांच्या घरी ते भाड्याने राहिले. त्या घरातला भगवान त्यांच्याच वयाचा. दोघांची जी दोस्ती जमली ती आजवर टिकली. त्या भगवानच्या धाकट्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत ठरलं. २००७ सालची गोष्ट. भगवानभावजींचा फोन आला, "वसंता, हळदीपासून यायचा. अक्षतांना तोंड दाखवून पळायचा न्हाय." ह्यांनी तिथल्या तिथे हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघत राहिले.

त्या बघण्याला कारण होतं. साखरेच्या दुखण्याने ह्यांच्या डोळ्यांचा पडदा अधू झाला आहे. माणसं ओळखू येतात, मोठी पाटी वाचता येते, पण बारीकसारीक काही दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं बजावलं, तेव्हापासून आमची गाडी माझ्या हातात आली. शाळेतून निवृत्त व्हायच्या बेतात असताना मी ड्रायव्हिंग शिकले. तोपर्यंत मी फार तर नाशिकपर्यंत गेले होते. कसारा घाट मी फक्त बसच्या खिडकीतून पाहिला होता.

"बसने जाऊ," मी म्हटलं.

"तुला जमेल," हे म्हणाले. "मी आहे ना शेजारी."

खरं सांगायचं तर ते शेजारी असणं हीच थोडी अडचण होती. माणूस तीस वर्षं उजवीकडे बसलेला. डावीकडे बसला तरी त्याचा उजवा पाय पुढे काही तरी दाबत असतो. आणि डोळे अधू झाल्यापासून ह्यांचे कान फारच तिखट झाले आहेत. गाडीतला प्रत्येक खडखडाट त्यांना माझ्या आधी ऐकू येतो, आणि मग ते मान तिरकी करून, श्वास रोखून बसतात.

गाडी जुनी. कुणाची तरी वापरलेली घेतलेली, त्यालाही बरीच वर्षं झाली. चार दारांची छोटी पेट्रोल गाडी, रंग मूळचा पांढरा. तशी गुणी आहे, पण वयोमानाप्रमाणे तिच्या तक्रारी सुरू झाल्या आहेत.

घाट

पहाटे निघून घोटीवरून हमरस्त्याला लागलो. इगतपुरीला धुकं होतं. घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये, जीव मुठीत धरून उतरवला. मागचे ट्रकवाले काय म्हणत होते ते मी ऐकलं नाही. खाली उतरून हवा एकदम बदलली. आमच्याकडची कोरडी थंडी गेली आणि अंगाला चिकटणारा दमटपणा आला. मी आता कुठे खांदे सैल सोडते, तोच पुढे एक टँकर आडवा झालेला, आणि गाड्यांची रांग लागलेली. थांबले. थांबल्याबरोबर डॅशबोर्डवर एक लाल दिवा लुकलुकायला लागला.

"अहो, दिवा लागलाय."

"कुठला? चित्र काय आहे?"

मी वाकून पाहिलं. "चहाची किटली. तोटीतून थेंब पडतोय."

"ऑइल," ते म्हणाले. "सारखा आहे की येतो-जातो?"

"येतो-जातो."

"थोडा ऍक्सिलरेटर दे."

दिला. दिवा विझला. पाय काढला, पुन्हा लागला. त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद करायला सांगितली. इंजिन जरा निवल्यावर मी बॉनेट उघडलं आणि तेल मोजायची लांब पट्टी पुसून, आत घालून, बाहेर काढली. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. डिकीत तेलाचा डबा होता. डबा ह्यांनी धरला, नरसाळं मी धरलं, आणि मी "बस" म्हणेपर्यंत त्यांनी ओतलं. गाडी चालू केली. किटली गायब.

मग त्यांनी मला समजावलं. तेल तापलं की पातळ होतं. ते आधीच कमी असेल आणि इंजिन हळू फिरत असेल तर सगळीकडे पोचायला लागणारा दाब तयार होत नाही. म्हणून उभ्या गाडीत दिवा लागतो आणि चालत्या गाडीत विझतो. "दिवा लागला एवढं कळून उपयोग नाही," ते म्हणाले. "कधी लागतो, कधी जातो ते बघायचं." मी जन्मभर मराठी शिकवलं. वाक्य कुठे अडलं हे मला कळतं, गाडीचं कळत नव्हतं. पण ही रीत मला आवडली.

धामणकर नाका

आहेराची साडी घ्यायची राहिली होती, म्हणून सरळ पूर्ण्याला न जाता आम्ही शहरात शिरलो. ह्यांना आपली जुनी भिवंडीही बघायची होती, म्हणजे ऐकायची होती. काच खाली करून ते बसले आणि गल्ल्यांमधून येणारा मागांचा खडखडाट ऐकून त्यांचा चेहरा खुलला. "हा आवाज चोवीस तास असायचा," ते म्हणाले. "लाइट गेली की आम्हाला शांततेनंच जाग यायची."

धामणकर नाक्यावर मात्र मला काही ऐकू येईना. शेअर रिक्षा चारी बाजूंनी, सुताच्या गोण्या लादलेले टेम्पो, हातगाड्या, आणि मध्ये मी. थोडा चढ होता. गाडी मागे जाऊ नये म्हणून मी हँडब्रेक ओढला, मग कशीबशी पुढे काढली. जरा पुढे गेल्यावर नवा लाल दिवा दिसला.

"आता गोल आहे. आत उद्गारचिन्ह." मास्तरणीला उद्गारचिन्ह लगेच ओळखू येतं.

"ब्रेक," हे म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. "ब्रेक लागतोय का?"

"लागतोय. उलट न लावताही लागल्यासारखी गाडी जड चाललीय. आणि काही तरी जळल्याचा वास येतोय."

हात पुढे करून त्यांनी आमच्या दोघांमधला हँडब्रेकचा दांडा चाचपला आणि तो एक दात खाली ढकलला. दिवा गेला. गाडी सुटल्यासारखी पुढे झाली. मी त्यांच्याकडे बघितलं, ते खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. मग मलाही हसू आवरेना. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवर हात ठेवला तेव्हा कुठे आम्ही निघालो.

साडी छान मिळाली. मोतिया रंगाची, बारीक हिरव्या काठाची.

पूर्णा

ह्यांनी मला भाताच्या खाचरांचं, चिंचेचं आणि खाडीच्या वाऱ्याचं पूर्णा सांगितलं होतं. मी पाहिलं ते निळ्या पत्र्यांच्या गोदामांचं पूर्णा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकाला एक लागून लांबच लांब गोदामं, आणि त्यांच्या दारात परमुलखातले ट्रक. हे बिचारे "इथे डावीकडे विहीर होती," "इथे वळण होतं," असं सांगत होते आणि मी "इथे गोदाम आहे" एवढंच उत्तर देत होते.

गोदामांच्या मागे मात्र गाव जसंच्या तसं होतं. म्हात्र्यांच्या अंगणात मांडव पडला होता आणि बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. भगवानभावजी धावत आले आणि ह्यांना मिठी मारून झाल्यावर माझ्या हातातली किल्ली बघून थबकले.

"वसंता, यवऱ्या लांबशी वैनीनी गारी हाकली न् तू बाजूला बसून आलास?"

"मी दिवे लागले की सांगायला होतो," हे म्हणाले.

तिथल्या आगरी बोलीत गाडीची गारी होते आणि डोळ्याचा डोला. दोन दिवसांत माझ्या कानाला ती इतकी सवयीची झाली की परत आल्यावर मीही एकदा 'न्हाय' म्हणून गेले.

नर्मदावहिनी, भावजींच्या पत्नी, यांनी मला चुलीपाशीच बसवून घेतलं. आमच्याकडे बाजरीची भाकरी थापतात. तिथे तांदळाची, पांढरीशुभ्र आणि इतकी मऊ की घडी घालून खिशात ठेवावी. सोबत सुक्या जवळ्याची चटणी, वालाचं बिरडं आणि संध्याकाळी मटण. मी वहिनींना विचारलं, भातशेती गेली त्याचं वाईट वाटतं का. त्यांनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "वाईट वाटतंय. पन चिखलान कंबर मोडून लावनी आमी केली, ज्यांनी न्हाय केली त्यांना जास्त वाईट वाटतंय."

हळदीला धवलारीण आली होती. आगरी लग्नात विधींची गाणी म्हणणारी ही बाई. तिला भटजीइतकाच मान. वाळलेल्या खारकेसारखी म्हातारी, पण आवाज खणखणीत. तिने देवांना बोलावलं, खाडीला बोलावलं, झाडांना बोलावलं. सगळे आल्याशिवाय हळद लागत नाही. ती गात असताना डीजेवाला बाजूला हात बांधून उभा होता. तिची पाळी संपल्यावर त्याने जे सुरू केलं त्याचं वर्णन मी करत नाही. मी कानात कापूस घालून झोपले.

लग्नाच्या दिवशी सकाळी पाहुण्यांना स्टँडवरून आणायला गाडी काढली, तर तिसरा दिवा. लहानशी चौकट, तिच्यात अधिक आणि उणे. बॅटरी. अगदी मंद लागत होता आणि इंजिन जोरात फिरवलं की जात होता. सोबत मांजर कोंडल्यासारखा चीं आवाज.

मांडवातले पुरुष लगेच बॉनेटभोवती जमले. लग्नघरातल्या पुरुषांना काम हवंच असतं. टेम्पो चालवणारा भावजींचा पुतण्या म्हणाला, बॅटरी मेली, नवीन टाका. ह्यांनी सांगितलं की बॅटरी दिवाळीत बदललेली आहे. त्यांचा संशय अल्टरनेटरवर होता. इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरायची, हे त्या अल्टरनेटरचं काम. शेवटी गोदामांच्या रांगेतल्या गॅरेजमधला मेकॅनिक आला. त्याने एक रबरी पट्टा दाबून दाखवला. इंजिन ह्या पट्ट्याने अल्टरनेटर फिरवतं, आणि पाण्याचा पंपही. पट्टा सैल झाला होता म्हणून घसरत होता, म्हणून चीं आवाज. त्याने अल्टरनेटर पान्याने रेटून मागे सरकवला, पट्टा ताणून बसवला. दिवा गेला, मांजरही गेलं. ह्यांचं तोंड जरासं पडलं. अल्टरनेटर उघडून बघावा असं त्यांना वाटत होतं, पण बँड वाजायला लागला होता.

लग्न छान झालं. नवरी मोतिया साडी नेसून जेवायला बसली हे मला फार आवडलं.

अकलोली

दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं आणि सगळे थकलेले. आम्ही दोघंच सकाळी गरम पाण्याच्या कुंडांना जायला निघालो. वाड्याच्या रस्त्याने अंबाडीपर्यंत जायचं, तिथून वज्रेश्वरीच्या बाजूला वळायचं. शहर मागे पडलं तशी गोदामं विरळ झाली, मग वीटभट्ट्या, मग पिवळी वाळलेली खाचरं आणि पळसाची झाडं. पळस नुकता पेटायला लागला होता. मी रंग सांगत होते आणि हे "म्हणजे शेंदरी की तांबडा?" असं खोदून विचारत होते.

अकलोलीला तानसा नदीच्या पात्रातच कुंडं आहेत. बाजूला नदीचं गार पाणी आणि दगडी कुंडात कढत. गंधकाचा वास नाकाला झोंबतो, मग सवय होते. ह्यांनी पाय सोडले आणि डोळे मिटून बराच वेळ बसून राहिले. मी बाजूच्या पायरीवर. ठाणे जिल्ह्यातल्या आयाबाया, सांधेदुखीवाले म्हातारे, सगळे एकमेकांना आपापली दुखणी सांगत होते. माझ्या शेजारच्या बाईंनी मला त्यांच्या गुडघ्याची सगळी हकिगत सांगितली आणि उठताना म्हणाल्या, "तुमचे मिस्टर फार शांत आहेत हो."

अंबाडी

परतताना ऊन चढलं होतं. अंबाडी नाका जवळ आला आणि बॅटरीचा दिवा लागला. ह्या वेळी मंद नव्हता. लालभडक, आणि इंजिन कितीही फिरवलं तरी जाईना.

"पुन्हा तोच," मी म्हटलं. "ठाम लागलाय."

"आवाज?"

"नाही."

"गाडी थांबव, पण बंद करू नको. काट्याकडे बघ. इंजिन तापतंय का?"

काटा मध्यावर होता. मी नाक्यावर चहाच्या टपरीजवळ थांबले, इंजिन चालू ठेवून उतरले आणि बॉनेट उघडलं. ह्यांनी आतूनच विचारलं, "पट्टा फिरतोय?"

"फिरतोय. शाबूत आहे."

"मग पाण्याचा पंप चालू आहे. इंजिन तापून मरणार नाही. फक्त वीज तयार होत नाहीये. बॅटरीत आहे तेवढ्यावर जायचं. हॉर्न नाही, वायपर नाही, काही नाही. आणि इंजिन बंद केलं तर पुन्हा चालू होईल याचा भरवसा नाही."

"इथेच एखाद्या मेकॅनिकला दाखवू की."

"तेच बरं," ते म्हणाले.

एवढ्यात एक तरुण माणूस माझ्याजवळ आला. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, पायात रबरी चपला. "बाई, भिवंडीला चाललाव का?"

त्याने मागे हात केला. टपरीच्या सावलीत बाकावर त्याची बायको बसली होती, दिवस भरलेली. दोन्ही हातांनी बाक घट्ट धरलेलं. शेजारी तिची आई उभी होती, मांडीपर्यंत आवळलेलं लुगडं नेसलेली, सडसडीत आदिवासी बाई. तो संतोष, बायको जानकी. डोंगराकडच्या पाड्यावरून ते पहाटे आरोग्य केंद्रात आले होते. तिथल्या नर्सबाईंनी तपासून सांगितलं, मूल आडवं वाटतंय, भिवंडीच्या मोठ्या दवाखान्यात न्या. केंद्राची गाडी दुसरा पेशंट घेऊन गेली होती. जीपवाले इतक्या अवघडलेल्या बाईला घ्यायला तयार नव्हते.

मी ह्यांच्याकडे आले आणि खिडकीतून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बॅटरी नवीन आहे. ऊन आहे, दिवे लावायचे नाहीत. रिकाम्या रस्त्याला पुरेल. अडचण शहरात आहे. ट्रॅफिकमध्ये इंजिन तापलं की रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो, तो विजेवर चालतो. तो बॅटरी पिऊन टाकेल." जरा थांबून म्हणाले, "चालवायची तुला आहे. मी सांगणार नाही."

मी जानकीच्या आईजवळ गेले. आडपडदा न ठेवता सांगितलं, "मावशी, आमच्या गाडीत बिघाड आहे. रस्त्यात बंद पडू शकते."

तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "रस्त्यात बंद पडंल तवा बगू. हितं बसून ती कुठं पोचनार हाय?"

मी मागचं दार उघडलं.

भिवंडीकडे

माझा स्वभाव हळू चालवण्याचा. त्या दिवशी मी कशी चालवली ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मागे जानकी ओरडत नव्हती. कळ आली की ती माझ्या सीटची पाठ धरायची आणि ती पकड मला पाठीत कळायची. तिची आई तिच्याशी हळू आवाजात बोलत होती, त्यातलं मला निम्मंच समजत होतं. संतोष एका बाजूला आक्रसून बसला होता, आपण जागा अडवतोय असं वाटत असल्यासारखा.

"काटा?" हे दर थोड्या वेळाने विचारत.

"मध्यावर."

"दिवा?"

"आहे तसाच."

रस्त्यावर म्हशी आल्या. सवयीने माझा हात हॉर्नवर गेला आणि ह्यांनी म्हशींच्या आवाजावरूनच ओळखून "नको" म्हटलं. मग त्यांनी आपला डावा हात खिडकीबाहेर काढला आणि दारावर तळव्याने धपाधप थापा मारायला सुरुवात केली, टेम्पोचे क्लीनर मारतात तशा. "ए बाजू, बाजू," असं ते ओरडायला लागले. आमचे मितभाषी वसंतराव, ज्यांनी टेलिफोन खात्यात कधी कुणावर आवाज चढवला नाही. म्हशी हलल्या. संतोषने दुसऱ्या बाजूने तेच सुरू केलं.

नदीनाक्यापाशी शहर लागलं आणि गाडी मुंगीच्या पावलाने चालायला लागली. ऊन टळटळीत. काटा मध्यावरून हलला.

"वर चाललाय," मी म्हटलं.

"कळतंय. पंखा सुरू झाला," ते म्हणाले. मला तो ऐकूही आला नव्हता. थोड्या वेळाने म्हणाले, "पंखा मंदावलाय. आता इंजिन चुकायला लागेल. चुकलं तरी पाय काढू नकोस."

इंजिन चुकायला लागलं. उचकी लागल्यासारखी गाडी हिसके देत पुढे जात होती, आणि प्रत्येक हिसक्याला मागून जानकीचा श्वास ऐकू येत होता. मला रडू येईल असं वाटत होतं, पण हात मोकळे नव्हते. पाटी दिसली, दवाखान्याकडे वळायचं होतं. मी वळवली आणि वळणावरच गाडी गप्प झाली. पूर्ण गप्प. मी किल्ली फिरवली, नुसता टक असा आवाज आला.

"संपली," हे म्हणाले.

संतोष दार उघडून उतरला आणि मागून ढकलायला लागला. एकट्याने. हेही उतरले. रस्त्याच्या पलीकडे कारखान्यातून शिफ्ट सुटली होती, मागावरचे कामगार घोळक्याने बाहेर पडत होते, केसांवर अजून कापसाचे तंतू. त्यांतल्या एकाने विचारलं, "क्या हुआ चाचा?"

"डिलिव्हरी केस है. गाडी बंद पड गयी," हे म्हणाले.

आणखी काही सांगावं लागलं नाही. आरशात मला एकदम माणसंच माणसं दिसली. एकाने खिडकीतून वाकून मला सांगितलं, "माजी, आप सिर्फ स्टेअरिंग पकडो." दोघे पुढे धावले आणि रिक्षा बाजूला करायला लागले. गाडी निघाली, इंजिनाशिवाय, आवाजाशिवाय. मला फक्त पावलांचा आवाज येत होता आणि मागून "आहिस्ता, आहिस्ता, अंदर औरत है," असं कुणी तरी सांगत होतं. दवाखान्याच्या फाटकातून आम्ही असे आत गेलो. पायऱ्यांपाशी मी ब्रेक दाबला. स्ट्रेचर आलं. जानकी आत गेली, तिच्या मागोमाग तिची आई आणि संतोष.

मी वळून आभार मानायला गेले, तर कामगार निघालेसुद्धा होते. तंतू झटकत, आपसांत बोलत, चहाच्या दुकानाकडे.

आम्ही बाहेर बाकावर बसून राहिलो. भावजींना फोन केला. ते मोटारसायकलवर आले, नर्मदावहिनींनी बांधून दिलेल्या भाकऱ्या घेऊन. दुपार कलली तेव्हा आतून जानकीची आई आली. तिचा चेहरा होता तसाच शांत होता, त्यामुळे मला क्षणभर काही कळेना. मग ती माझ्या शेजारी बसली. "मुलगी झाली," ती म्हणाली. "पोट फाडून काडली. दोगी बऱ्या हायत." आणि तिने आपला खडबडीत हात माझ्या हातावर ठेवला. आम्ही चौघांनी त्या भाकऱ्या तिथेच बसून खाल्ल्या, आणि संतोषसाठी दोन बाजूला ठेवल्या. तो आतून हलायला तयार नव्हता.

घरी

गाडी दुरुस्त झाली ती दुसऱ्या दिवशी. वायरिंगच्या माणसाने अल्टरनेटरच्या मागची एक तार ओढून दाखवली, ती हातात आली. लग्नाच्या सकाळी पट्टा ताणताना अल्टरनेटर मागे सरकवला, त्यात ती तार ताणली गेली होती आणि अंबाडीच्या खड्ड्यांनी तुटली. म्हणजे पट्टा सैल होता हे खरंच होतं, आणि तो नीट करण्यातच पुढचा बिघाड झाला. पुतण्याची बॅटरी, ह्यांचा अल्टरनेटर, दोन्ही निर्दोष सुटले. ह्यांनी ती तुटकी तार बोटांनी चाचपून पाहिली आणि म्हणाले, "मला ही सुचली नसती."

निघण्याआधी आम्ही दवाखान्यात जाऊन आलो. मुलगी काळीसावळी, डोक्यावर दाट जावळ. जानकी पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. ह्यांना चेहरा दिसेना म्हणून जानकीच्या आईने बाळ उचलून अगदी त्यांच्या नाकासमोर धरलं. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "दिसली," ते म्हणाले. "छान आहे."

भगवानभावजींनी डिकीत सुके बोंबील, तांदूळ आणि नारळ भरून दिले. पडघा, शहापूर मागे पडलं. दुपारची उन्हं रस्त्यावर तिरकी पडली होती आणि गाडी मऊ चालली होती. मी बोलत होते, पाड्यावर एकदा जायला हवं, जानकीला बाळंतविड्याचं काही पाठवायला हवं, असं बरंच काही. उत्तर येईना म्हणून बाजूला पाहिलं. हे झोपले होते. मान खिडकीला टेकलेली, तोंड थोडं उघडं, दोन्ही पाय सैल.

मी कसारा घाट चढवला. एका वळणावर ट्रक अंगावर आला, मी गाडी दाबून घेतली, पुन्हा सरळ केली. दुसऱ्या एका वळणावर खालचं सगळं खोरं दिसलं, निळं, धुरकट. इगतपुरीची गार हवा आत आली तेव्हा ते जागे झाले आणि डोळे चोळत म्हणाले, "घाट कधी येणार?"

"येऊन गेला," मी म्हटलं.